अकरावा गडी

९ सप्टेंबर, रविवार

डाव्या,

फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. फोन वाजून वाजून गप्प बसतो. कागद फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो. पत्ता मावशीकडून काढला. ती देत नव्हती. त्याने सांगितलंय कुणाला देऊ नकोस, म्हणाली. मी म्हटलं, मी कुणी आहे का? त्याची आई आहे मी. मग दिला, पण तोंड वाकडं करून.

आज आपण हरलो. चार शून्य. मोसमाचा पहिला सामना, घरचं मैदान, आणि समोर कोण, तर सिमेंट कारखान्याचा संघ. सकाळी कामावर जाऊन दुपारी खेळायला आलेली माणसं. एकाच्या केसांत अजून पावडर होती. त्याने दोन घातले. एकेकाळी हे लोक आपल्या मैदानावर यायचे ते फोटो काढून घ्यायला यायचे.

आधीच सांगून ठेवते, हे माफीचं पत्र नाही. म्हणजे पुढे वाचताना वाट बघत बसू नकोस. त्या दिवशी मी शिट्टी मारली ती माझ्या मुलाला नाही मारली. तीन नंबरच्या गड्याला मारली. तीन नंबरने शेवटच्या मिनिटाला बॉल मागे आपल्या गोलकीपरला असा दिला, जशी म्हाताऱ्याला औषधाची गोळी द्यावी. हळूच, सांभाळून. मध्ये त्यांचा गडी उभा होता. त्याने उचलला आणि आत टाकला. आपण दुसऱ्या गटातून तिसऱ्यात पडलो. अख्खा स्टँड उभा राहून शिट्ट्या मारत होता. मी तिकीट काढून बसले होते. मी काय करायचं होतं, टाळ्या पिटायच्या?

हजार शिट्ट्यांत मला तुझी ऐकू आली, असं तू म्हणालास. येणारच. लहानपणी त्याच शिट्टीने तुला गल्लीतून जेवायला बोलवायचे. दोन बोटं जिभेखाली घातली की तीन गल्ल्या ओलांडून जायची. देवाने आवाज दिला नाही, ती दिली. तिला मी काय करू? त्यावर तू बॅग भरलीस आणि गेलास, आणि आता तीन वर्षं झाली. शिट्टीवरून कोणी घर सोडतं का? रेफरी तर रोज शिट्टी मारतो, त्याच्यावर नाही कोणी रुसत.

बेकरीवाला अजून मागच्याच बाकावर बसतो. विचारत होता, पोरगा काय म्हणतो. मी म्हटलं मजेत आहे. आहेस का ते मला माहीत नाही.

बाबा ठीक आहेत. आज आले नव्हते मैदानावर. गुडघे.

आई


१४ ऑक्टोबर, रविवार

डाव्या,

उत्तर नाही. असू दे.

आज दोन शून्य. पहिल्या अर्ध्यात आपण बरे होतो, म्हणजे बॉल आपल्याकडे येत नव्हता म्हणून चुका दिसत नव्हत्या.

मी अजून दवाखान्याच्या लाँड्रीतच आहे. मोठ्या रोलरवर आता मीच असते. समोरून ओली चादर घालायची, मागून ती गरम, कडक, पापडासारखी बाहेर येते. बोटं सांभाळायची. क्लबचे कपडे आमच्याकडे यायचे ते तुला आठवतं? दर सोमवारी सकाळी दोन पोती. मुकादम ओरडायचा, अगं, तुझ्या देवांचे कपडे आले. मी ते वेगळ्या मशीनला लावायचे, दवाखान्याच्या चादरींत मिसळू द्यायचे नाही. नंबर शिवलेले असायचे, दुहेरी टाक्याने. गुडघ्यांवर आणि छातीवर एवढा चिखल असायचा की दोन पाणी नुसती त्यालाच लागायची. मी कुरकुर करायचे नाही. चिखल आहे म्हणजे माणूस पडला, म्हणजे धावला.

मग पोतं एकच यायला लागलं. मग नंबर शिवलेले जाऊन चिकटवलेले आले, गरम पाण्यात सालीसारखे सुटायचे. मग छातीवर गादीच्या दुकानाचं नाव आलं. झोपायलाच आलेत, असं बेकरीवाला तेव्हाच म्हणाला होता. यंदा पोतंच नाही. सेक्रेटरी म्हणतो, खेळाडू आपापल्या घरी धुतात. ते मैदानावर दिसतं. अकरा जणांचे अकरा निळे रंग. कुणाचा विटून आकाशी झालाय, कुणाचा वांग्यासारखा जांभळा. एका संघाचे वाटतच नाहीत. वेगवेगळ्या घरांच्या दोरीवरून उचलून आणल्यासारखे दिसतात.

तू पोटात होतास तेव्हा आपण पहिल्यांदा अजिंक्य झालो. हे तुला शंभरदा सांगितलंय, आणखी एकदा ऐक. गोलमध्ये कपाट उभा असायचा. त्याच्या बाजूने हवासुद्धा विचारून जायची. मध्ये वकील, जो रेफरीशी भांडून भांडून त्याला घरी पाठवायचा बाकी ठेवायचा. पुढे चप्पल. पहिल्या दिवशी सरावाला चपला घालून आला म्हणून चप्पल, आणि त्याच पायांनी त्या मोसमात तीस गोल घातले. शेवटच्या सामन्याला बाबा एका अनोळखी पोलिसाच्या गळ्यात पडून रडले. पोलीसपण रडला. मी पोट धरून बाकावर उभी होते, आणि मागून बेकरीवाल्याची आई ओरडत होती, अगं खाली बस, इथेच होशील मोकळी.

लोक विचारतात, कधीपासून बिघडलं? सांगता येत नाही. एका दिवसात कोसळलं असतं तर सांगितलं असतं, अमुक तारखेला. साबणाच्या वडीसारखं झालं. रोज तीच वडी, रोज तेवढीच वाटते, आणि एक दिवस इतकी पातळ होते की हातातून निसटून मोरीत जाते. कपाट म्हातारा झाला, दुसरा आणला नाही. चप्पलला मोठ्या क्लबने नेला, म्हणाले तसे दहा मिळतील. मिळाला एक, तोही बुटांसाठी रडणारा. वरच्या दिव्यांचे बल्ब गेले ते बदलले नाहीत, म्हणून संध्याकाळचे सामने दुपारी आले. पूर्वेचा स्टँड धोक्याचा म्हणून दोरी बांधली, ती दोरी सुद्धा आता कुजली.

बाबांना मी घरी येऊन सगळा सामना सांगते. आधी एखादा गोल कमी करून सांगत होते, पण ते लगेच ओळखतात. म्हणाले, तुझा आवाज तीनचा आहे, दोन का म्हणतेस? आता खरं तेच सांगते. ते डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच विचारतात, तेव्हा डावीकडे कोण होतं? मी म्हणते, होतं कोणीतरी.

त्यांना खालच्या खोलीत हलवलंय. जिना नको म्हणतात. तिथल्या खिडकीतून रस्ता दिसतो, वेळ जातो.

आई


२ डिसेंबर, रविवार

डाव्या,

मावशीकडून तुझा निरोप मिळाला. निरोप कसला, बातमी. "आईला सांग, मी फुटबॉल सोडला. गोदामात खोकी चढवतो. बरा आहे." मावशीने हे तीनदा वाचून दाखवलं, जसं काही दर वेळेला जास्त निघणार आहे.

खोकी चढवतोस ते चांगलं आहे. काम आहे. पाठ वाकवून उचलू नकोस, गुडघे वाकवून उचल. आमच्याकडे दोघी जणी कायमच्या घरी बसल्या.

पण सोडला म्हणजे काय ते मला नीट कळलं नाही. मीसुद्धा सोडते, दर रविवारी. घरी येताना चौकापर्यंत सोडलेलाच असतो. सोमवारी रोलरवर उभं राहिलं की शपथ घेते, पुढच्या रविवारी झोपणार, पडदे धुणार, माणसांसारखं राहणार. गुरुवारपर्यंत विचार सुरू होतो की तो नवा गडी आला तर काय होईल. शनिवारी वाटायला लागतं, उद्या होईल काहीतरी. आणि काही होत नाही. असलं सोडणं सोडणं नव्हे. तुझं खरं असेल तर कसं केलंस ते लिहून पाठव, मला उपयोग आहे.

इथलं सांगते. गेल्या आठवड्यात बाहेरगावचा सामना होता. बस नऊ वाजता निघणार होती. साडेनऊपर्यंत नऊच गडी आले. कप्तान आणि आणखी दोघे आदल्या दिवशी नदीपलीकडच्या क्लबात गेले, ते सेक्रेटरीला बसपाशी कळलं. पगार नाही म्हणे. पगार नाही हे खरं आहे, पण सांगून जायला पैसे पडत नाहीत. अकरा उभे नाहीत म्हणून सामना समोरच्यांना दिला. साखळी स्पर्धेचा नियम तुला माहीत आहे, मोसमात दोनदा असं झालं की क्लबचं नाव कटाप. एकदा झालं. बेकरीवाला म्हणाला, आज निदान हरलो नाही, गेलोच नाही. मी हसले. मग घरी येऊन भांडी घासताना एकदम हात थांबले. हसण्यावर आलं आपलं.

नवा कोच आलाय. जुना होता तोही नवाच होता. हल्ली कोच शाळेतल्या बदली बाईंसारखे येतात, नाव पाठ व्हायच्या आत जातात. मैदानाचा मागचा अर्धा भाग गाड्या लावायला भाड्याने दिलाय. परवा आपल्या गड्याने बॉल बाहेर मारला आणि एका गाडीची काच फुटली. स्टँडवर टाळ्या पडल्या. या मोसमात आपल्या माणसाने नेम धरून काही मारलं ते तेवढंच.

बाबा ठीक. जेवण कमी झालंय, सूप घेतात. शर्ट सगळे सैल व्हायला लागले म्हणून मी बाजूने शिवून आत घेतले. तेवढंच. मावशी काही भलतंसलतं सांगायला लागली तर तिचं मनावर घेऊ नकोस, तिला रडायला काहीही चालतं.

आई


१७ फेब्रुवारी, रविवार

डाव्या,

हे पत्र नीट वाच. मागची वाचली नसतील तरी चालेल.

काल सेक्रेटरी घरी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारात उभा राहून टोपी हातात फिरवत होता. मी म्हटलं, आत ये नाहीतर बाहेर जा, थंडी आत येतेय. बसला. चहा घेतला. मग म्हणाला, "वहिनी, दहा आहेत."

मी म्हटलं, दहा काय?

"माणसं. शेवटच्या सामन्याला."

मग सगळं सांगितलं. दोघांचे पाय गेलेत. एकाला नोकरी लागली, वीस मार्चपासून रविवारची सुट्टी नाही. मोसम संपत आला, आता बाहेरून नवीन नाव घालता येत नाही. आणि शेवटच्या सामन्याला अकरा उभे नसले की झालं दुसऱ्यांदा, क्लब साखळीतून जातो. कायमचा. ऐंशी वर्षांचा क्लब, एका माणसावाचून. हरलो तर चालेल, आपण शेवटचे आहोतच, चौथ्या गटात जाऊ. पण असू तरी.

मी म्हटलं, मग माझ्याकडे काय आहे, मी रोलर चालवते.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "तुमच्या पोराचं नाव अजून यादीत आहे," म्हणाला. तू गेलास तेव्हा काढायला हवं होतं. त्याने काढलं नाही. विसरला, दुसरं काही नाही. दर वर्षी जुनी यादी तशीच पुढे पाठवत राहिला. मी म्हटलं, जन्मात पहिल्यांदा तुझा आळस कामाला आला. तो म्हणाला, हो वहिनी.

बाबा शेजारी, खालच्या खोलीत जागे होते. दार उघडं होतं. त्यांनी तिथूनच विचारलं, "डाव्या बाजूला कोण आहे?"

सेक्रेटरी म्हणाला, "कोणी नाही, दादा."

सेक्रेटरी टोपी घालून गेला.

तर असं आहे. २४ मार्च, रविवार, दुपारी तीन वाजता, आपल्या मैदानावर. समोर नदीपलीकडचे. आपला जुना कप्तान त्यांच्याकडून खेळेल, त्याच्या घोट्यावर एक दिलास तर मी बघितलं नाही म्हणेन.

मी आई म्हणून बोलवत नाहीये. ते तू मनातसुद्धा आणू नकोस. क्लब बोलावतोय. तुझा राग माझ्यावर आहे ना, मग निळ्या शर्टावर काढू नकोस. मी हवं तर त्या दिवशी स्टँडवर येणार नाही. म्हणजे येईन, पण लांब बसेन.

खेळायला येत नाही असं म्हणू नकोस. कुणालाच येत नाही. तू आलास तर त्यांच्यात शोभशील.

आई


१० मार्च, रविवार

डाव्या,

मावशी म्हणाली पत्र मिळालंय. हो की नाही ते बोलला नाही म्हणाली. तू लहानपणीही असाच होतास, आंघोळ करणार का विचारलं की भिंतीकडे बघायचास.

बाराची बस पकडलीस तर दीडला इथे पोचशील. बूट तुझे आहेत का? नसले तर सेक्रेटरीकडे दोन जोड आहेत, एक मोठा होतो, दुसऱ्यात कागद भरावा लागतो.

आज पाच एक. तो एक त्यांनीच आपल्या गोलात मारला. आम्ही तरी उभं राहून ओरडलो. काय करणार, सवय.

सामना संपल्यावर काय करायचं ते तुझं तू बघ. घरी चहा असतोच. याच्या खाली दोन ओळी खोडल्यात, त्या उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, काही नाही त्यात.

आई


३१ मार्च, रविवार

डाव्या,

तू आलास.

स्टँडखालच्या बोगद्यातून अकरा जण बाहेर आले आणि मी मोजले. नऊपर्यंत मोजून थांबले, मग परत पहिल्यापासून मोजले. शेवटचा तू होतास आणि मी तुला ओळखलं नाही. अंगाने भरलास. केस कमी झालेत. शर्ट पोटावर ताणून बसला होता. तू डाव्या रेषेपाशी गेलास आणि सवयीने एक पाय घासलास, तेव्हा ओळखलं. बेकरीवाल्याने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो गप्प बसला असं मी कधी बघितलं नव्हतं.

सामन्याबद्दल खोटं बोलणार नाही. तू वाईट खेळलास. पहिले दोन तुझ्या बाजूने गेले. तो त्यांचा पोरगा तुझ्या शेजारून असा जात होता जसं रस्त्यात मधोमध ठेवलेल्या कपाटाला वळसा घालून जावं, आणि हे आपलं जुनं कपाट नव्हे. बाकीचे काही बरे नव्हते. सात शून्य. स्टँडवर शंभरएक माणसं असतील. शिट्ट्या कोणी मारल्या नाहीत. शिट्टी मारायला राग यावा लागतो. लोक हसत होते. पाचव्यानंतर तर आपलेच लोक त्यांच्या प्रत्येक पासला हो हो करत होते. ज्या स्टँडवर मी पोट धरून उभी होते त्याच स्टँडवर आपल्या संघाला माणसं सर्कस बघितल्यासारखी हसत होती. तेव्हा मला वाटलं, तू आला नसतास आणि नाव कटलं असतं तर बरं झालं असतं. खरंच वाटलं.

सहा शून्य असताना तू एक बॉल रेषेवरून काढलास. पडून, छातीने. उठलास तेव्हा पुढून सगळा चिखल. मी टाळी वाजवली. तुला ऐकू आली नसेल. माझी टाळी इतरांसारखीच आहे.

सामना संपला. तू सगळ्यांशी हात मिळवलास, त्या कप्तानाशीसुद्धा. वर बघितलं नाहीस. मी पायऱ्या उतरून मागच्या दाराकडे गेले, जिथून खेळाडू निघतात. दाराला साखळी लावलेली. गाड्यांसाठी ती बाजू बंद केलीय ते मी विसरले. मग उलटी फिरले, पूर्वेच्या स्टँडखालून, दोरी ओलांडून, आणि जाळीपाशी पोचले तर तू पलीकडे होतास. केस ओले, खांद्याला बॅग. त्यांचा कोच तुझ्याशी बोलत होता. बसकडे हात दाखवत होता, चल, बसथांब्यापर्यंत सोडतो, असंच असणार. तू मान हलवलीस.

मी हाक मारली. बसचं इंजिन चालू होतं, मध्ये एवढ्या गाड्या. माझा आवाज तुला माहीत आहे, मुळातच बारीक, त्यातून उरलासुरला मशीनच्या खोलीत गेला. पुन्हा मारली. तू पायरीवर पाय ठेवलास.

शिट्टी पोचली असती. दोन्ही बोटं मी तोंडापर्यंत नेली होती. पण सात शून्य हरून चाललेल्या माणसाला मागून शिट्टी ऐकू आली तर तो काय समजेल? मी बोटं खाली घेतली. बस गेली.

आता जे लिहायचं ते लिहिते. मधे तीनदा उठले.

बाबा सप्टेंबरपासून आजारी होते. गुडघे नव्हते. पोटात होतं, आणि दाखवलं तेव्हा उशीर झालेला होता. डॉक्टरांनी उन्हाळा बघतील की नाही सांगता येत नाही म्हटलं होतं. मावशीला मी शपथ घातली होती. आजारी बापाला बघायला तर वैरीसुद्धा येतो, तसं येणं मला नको होतं. मला वाटलं तू संघासाठी ये. संघासाठी आलास की मैदानावरून घर पंधरा मिनिटांवर, आपोआप येशील, नेहमी यायचास तसा, आणि मग मी काही न बोलता तू त्या खोलीत जाशील. माझ्या डोक्यात मैदान आणि घर एकच होतं. तू पत्रात लिहिलं होतं तेवढं केलंस. खेळायला बोलावलं, खेळलास, गेलास. तुला मी दोष देत नाही. त्या खोडलेल्या ओळी बाबांबद्दलच्या होत्या, तेवढं सांगते.

त्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडून दाढी करून घेतली. आत घेतलेला शर्ट घातला. उशा लावून खिडकीकडे तोंड करून बसवायला लावलं. मावशी त्यांच्यापाशी होती. मी दार उघडलं तेव्हा त्यांनी माझ्या मागे बघितलं.

"आला होता?"

आला, म्हटलं.

"खेळला?"

पूर्ण नव्वद मिनिटं, म्हटलं.

"किती?"

"सात."

त्यांनी पुन्हा दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "घरी नाही आला."

मावशी पदर तोंडाला लावून बाहेर गेली. आता मी काय सांगायचं? मी तुला बोलावलंच नव्हतं, तीन नंबरला बोलावलं होतं, हे त्यांना त्या वेळेला कसं सांगायचं? मी म्हटलं, हरलाय ना. लाज वाटली असेल.

आणि ते त्यांना पटलं, डाव्या. लगेच पटलं. मान हलवली. "सात म्हणजे फारच," म्हणाले. "लोक पांगले की येईल. मीपण तसाच यायचो, मागच्या गल्लीने." तुला माहीत आहे ते. मोठी हार झाली की ते चौकातून यायचे नाहीत, कोणी काही विचारेल म्हणून.

मग काळोख पडेपर्यंत दर थोड्या वेळाने विचारत होते, "लोक गेले का?" मी खिडकीशी जायचे. रस्ता रिकामा, एक माणूस नाही. मी म्हणायचे, अजून आहेत. सोमवारी दिवसभर तेच. मंगळवारी आवाज बारीक झाला होता, पण विचारायचे. मी म्हणायचे, आहेत अजून, कोपऱ्यावर उभे आहेत घोळका करून. ते म्हणायचे, असणारच, सात म्हणजे लोक बोलणार. बुधवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी विचारलं नाही.

सगळं उरकलं. मावशी तुला कळवत होती, मी फोन हातातून घेतला. हे मीच सांगायचं होतं. सांगायला चार दिवस लागले.

क्लब वाचला. सेक्रेटरी भेटायला आला होता, डोळे पुसले, आणि उठता उठता म्हणाला, पुढच्या मोसमाला डावी बाजू बघावी लागेल. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला दुसरं बोलताच येत नाही. आम्हाला कुणालाच येत नाही. मी त्याला दारापर्यंत सोडलं.

पुढच्या मोसमात मी जाणार नाही. हे ते चौकापर्यंतचं सोडणं नाही. शनिवार आला आणि गेला, मला उद्या काही होईल असं वाटलं नाही. बेकरीवाल्याला सांगितलं, माझ्या बाकावर पाय लांब करून बस. तो म्हणाला, ताई, असं नको बोलूस. मी म्हटलं, बोलून झालं.

खालच्या खोलीतला पलंग अजून वर नेलेला नाही. एकटीला उचलत नाही.

रविवारी मी आता घरीच असते. दिवसभर.

आई